बेटासमोरचं बेट

थळच्या बंदरावर होडीपाशी पोचलो आणि तांडेलकाकांनी पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. तारीख चौघांनाही ठाऊक होती. तिथी आठवली ती आमच्यातल्या भूगोल शिकवणाऱ्या मैत्रिणीला. "उद्या संकष्टी, म्हणजे आज तृतीया. माघ वद्य तृतीया."

"तीन पाऊण सव्वादोन," काका म्हणाले. "सव्वादोनला पाणी पूर्ण भरणार. बाराला निघू आणि पाणी उतरायच्या आत परत येऊ."

काकांना तिथी माहीत होतीच. समुद्रावर जायला निघालेल्या माणसांना ती माहीत आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पुढचे तीन दिवस आम्ही घड्याळ जवळजवळ पाहिलंच नाही. सकाळी उठलं की तिथी आठवायची, पाऊणकी म्हणायची आणि मग ठरवायचं, आज कुठलं बेट.

कॉलेजपासूनची आमची ही चौकडी. पुलांची कामं करणारा एक इंजिनियर, शाळेत भूगोल शिकवणारी मैत्रीण, बँकेतून निवृत्त होऊन जुन्या कागदपत्रांत रमलेला तिसरा, आणि लिहिणारा मी. विशी-पंचविशीत सह्याद्रीतले बरेच गड एकत्र चढलो. राजगडावर मुक्काम केले, साल्हेरवर वारा खाल्ला. समुद्रातले दुर्ग मात्र राहूनच गेले होते. २०२५ च्या माघात तीन दिवस काढले आणि रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची पाच बेटं एका ओळीने करायची ठरवली. खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा आणि पद्मदुर्ग. मुंबईहून गेटवेला लाँच धरली, मांडव्याला उतरलो आणि रस्त्याने थळ गाठलं.

पाऊणकीचं गणित

कोकणातल्या घरोघरी हा हिशेब म्हातारी माणसं तोंडी करतात. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दिवसाकाठी हे चक्र दोनदा.

यामागचं शास्त्र मैत्रिणीने होडी निघेपर्यंत वाळूत काडीने आकृती काढून समजावलं. चंद्र दररोज आदल्या दिवसापेक्षा पंचेचाळीस-पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. महिन्याच्या तीस तिथी आणि दिवसाचे चोवीस तास, भागाकार केला तर एका तिथीला ४८ मिनिटं येतात. पाऊण तास म्हणजे ४५. फरक तीन मिनिटांचा, आणि होडी पाण्यात लोटायला एवढी अचूकता पुरते. या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर किंवा बरोबर पायाखाली असतो त्या सुमारास पाणी भरतं, म्हणून अमावास्येला भरती भर दुपारी बाराच्या आसपास येते.

भरती किती वाजता एवढ्यावर भागत नाही, ती किती मोठी हेही बघावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तेवढंच लांबवर उतरतं. अष्टमीच्या आसपास समुद्र मंद असतो, त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या ओहोटीला जिथे चालत जाता येतं, तिथे भांगाच्या ओहोटीला होडी लागू शकते. पाऊणकीचा पाढा आता शाळेत कोणी घोकून घेत नाही. पण थळच्या बंदरावर तो रोज कामाला येतो.

खांदेरी

बाराला होडी सुटली. डावीकडे किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, पाठीमागे खत कारखान्याची धुराडी दिसत होती. सकाळचा मतलई वारा पडला होता आणि खारा वारा अजून जोर धरत होता. होडीची नाळ लाटेवर चढायची आणि अलगद खाली यायची. पाऊण तासात खांदेरीच्या दोन टेकड्या स्पष्ट झाल्या. एकीवर दीपगृह, सभोवती काळा तट.

धक्क्यावर पाय ठेवल्यावर काका आधी वेताळाच्या देवळाकडे वळले. थळ आणि आसपासच्या कोळ्यांचं हे श्रद्धास्थान आहे. आत मूर्ती नाही, मोठी शिळा आहे. काकांनी नारळ वाढवला, शिळेला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि मगच आम्हाला म्हणाले, "आता फिरा."

बेटावर एक खडक आहे. त्यावर लहान दगडाने ठोकलं की धातूची भांडी वाजवावी तसा नाद येतो. आमच्या इंजिनियर मित्राने चार ठिकाणी ठोकून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी सूर वेगळा. कितीतरी पिढ्यांनी ठोकून ठोकून त्यावर लहान लहान खळगे पडले होते, आणि त्यातल्या एका खळग्यात आमचाही दगड वाजला.

दीपगृह १८६७ पासून उभं आहे. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं आहे. दीपगृहाच्या टेकडीवर उभं राहिल्यावर या बेटाचं महत्त्व कोणी सांगावं लागत नाही. उत्तरेला मुंबई बंदराचं तोंड. दक्षिणेकडून मुंबईला जाणारं प्रत्येक जहाज या बेटाच्या नजरेखालून जाणार. कागदपत्रवाल्या मित्राने पिशवीतून आपली वही काढली आणि तटाच्या सावलीत बसून १६७९ साल सांगायला सुरुवात केली.

ऑगस्ट १६७९. ऐन पावसाळा, समुद्र खवळलेला. अशा दिवसांत शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन या ओसाड बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांना हा घाव कुठे बसणार ते तत्काळ कळलं. त्यांनी निरोप धाडला की बेट आमचं आहे, सोडून जा. मायनाकने उत्तर दिलं की महाराजांचा हुकूम असल्याशिवाय हलणार नाही. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी उतरायचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला महाराजांचा सरदार दौलतखान याचं आरमार नागावच्या खाडीतून बाहेर पडलं आणि समुद्रावर लढाई झाली. इंग्रजांचं 'रिव्हेंज' हे मोठं जहाज नेटाने लढलं आणि मराठी आरमाराला खाडीत परतावं लागलं, पण 'डव्ह' नावाचं गुराब मराठ्यांनी पकडून नेलं.

"लढाईचा निकाल तोफांनी लागलाच नाही," मित्र म्हणाला. "तो लागला रसदीने." इंग्रजांची जहाजं मोठी, वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की जागीच. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या काळोखात त्या वेढ्याच्या फटींतून बेटावर धान्य, दारूगोळा, माणसं पोचवत राहिल्या. महिनोन् महिने नाकेबंदी करून इंग्रज दमले आणि १६८० च्या सुरुवातीला त्यांनी महाराजांशी तह केला. पुढे १७१८ साली त्यांनी पुन्हा हल्ला चढवला. तेव्हा बेट कान्होजींच्या ताब्यात होतं. तेव्हाही हात हलवत परतावं लागलं.

काका वेताळाच्या देवळापासून आमच्यामागे आले होते आणि हे सगळं शांतपणे ऐकत होते. एवढंच म्हणाले, "काळोखात इथे होडी आणायची तर खडक पाठ पाहिजेत. ते आमच्या माणसांना पाठ होते." भंडारी आणि कोळी ही या पाण्याची माणसं. नकाशावर न दिसणारे खडक त्यांच्या अंगात मुरलेले होते. आजही भारतीय नौदलाच्या एका पाणबुडीचं नाव 'खांदेरी' आहे. ते ऐकलं की मला त्या रात्री वल्ही मारणारे हात आठवतात.

उंदेरी

परतताना काकांनी होडी उंदेरीकडे वळवली. खांदेरी आणि थळ यांच्या मध्ये, किनाऱ्याला जवळचं हे लहान, बसकं बेट. त्याच्या भोवतीचा तट खडकांतूनच उगवल्यासारखा दिसतो. आम्हाला उतरायचं होतं. काकांनी लाट कशी फुटते ते दोन-तीन मिनिटं पाहिलं आणि मान हलवली. धक्का नाही, खडक धारदार आणि खारा वारा आता चांगलाच भरला होता. आम्ही आग्रह केला नाही. बेटाला सावकाश वळसा घातला. तटातल्या भगदाडांतून झाडांची मुळं लोंबत होती.

मैत्रिणीने विचारलं, "खांदेरी असताना ही उंदेरी कोणी बांधली आणि का?"

उत्तर सरळ होतं. खांदेरी मराठ्यांनी घेतली म्हणून उंदेरी सिद्दीने घेतली. मोगलांचा चाकर असलेला जंजिऱ्याचा सिद्दी कासम खांदेरीच्या वेढ्यात इंग्रजांच्या मदतीला आला होता. जानेवारी १६८० मध्ये त्याने उंदेरीवर माणसं उतरवली आणि तोफा चढवल्या. खांदेरी आणि किनारा यांच्या मध्ये सिद्दीचं ठाणं बसलं. खांदेरीची रसद थळहून येणार ती आता उंदेरीच्या माऱ्यातून. समुद्रातल्या एका बेटाला दुसऱ्या बेटाने उत्तर दिलं.

इथे आमच्या सहलीचा सूर बदलला. तोवर आम्ही किल्ले मोजत होतो, एक झाला, दोन झाले. उंदेरीला वळसा घालताना लक्षात आलं की हे किल्ले एकेकटे नाहीतच. डोंगरावरचा गड स्वतःपुरता पुरा असतो. त्याचं पाणी, त्याची माची, त्याचा बालेकिल्ला पाहिला की गड समजतो. समुद्रातला दुर्ग समोर कोण आहे ते पाहिल्यावरच समजतो.

कुलाबा

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. चार पाऊण तीन, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. सातलाच अलिबागच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. समोर किल्ला पाण्यात उभा होता. बघता बघता लाटा मागे सरकू लागल्या, ओली वाळू चमकू लागली, मग काळे खडक वर आले, शेवाळ उघडं पडलं. साडेसातच्या सुमारास एक आजी पदर खोचून, हातात दुर्वांची जुडी घेऊन गुडघाभर पाण्यातून निघाल्या. त्यांच्या मागे आम्ही. संकष्टी असल्यामुळे किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला निघालेली गावातली माणसं आमच्या पुढे-मागे होती. चपला हातात, तळव्याखाली थंड वाळू आणि मधूनच टोचणारी शिंपल्याची कड. घोडागाड्या नंतर सुरू झाल्या. चालत जाण्याचा आनंद त्यांत नाही.

अर्ध्या वाटेवर आजींनी मागे वळून बजावलं, "दहाच्या पुढे आत रमू नका हो. पाणी सांगून येत नाही." वेळेचा अंदाज चुकून माणसं किल्ल्यात अडकल्याच्या गोष्टी अलिबागला सगळ्यांना माहीत आहेत.

कुलाब्याचा तट जवळून पाहिला आणि इंजिनियर मित्र तिथेच थांबला. प्रचंड शिळा नुसत्या एकमेकींवर रचलेल्या, सांध्यांत चुना नाही. त्याने फटीत हात घातला तो मनगटापर्यंत आत गेला. "समुद्राला पूर्ण अडवलं तर तो भिंत पाडतो," तो म्हणाला. "इथे त्याला आत यायला वाट ठेवलीय. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं, तिथेच त्याचा जोर विरतो आणि ते परत बाहेर वाहून जातं. आम्ही आजही लाटा अडवायला किनाऱ्यावर काँक्रीटचे चौपायी ठोकळे टाकतो, ते असेच, मध्ये फटी ठेवून." तीनशे चाळीस वर्षांहून अधिक काळ रोज दोन वेळा पाणी चढतंय आणि उतरतंय, आणि या शिळा जागच्या हललेल्या नाहीत.

किल्ल्याचं काम महाराजांनी अखेरच्या दिवसांत, १६८० साली सुरू केलं आणि संभाजीराजांनी पुरं केलं. उंदेरी सिद्दीच्या हातात गेल्यावर किनाऱ्यालगत दुसरं भक्कम ठाणं हवंच होतं. उत्तराला प्रत्युत्तर. पुढे इथूनच कान्होजी आंग्रे यांनी कोकणच्या समुद्रावर सत्ता चालवली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर चालून आले आणि अपयश घेऊन परतले. १७२९ साली कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. किनाऱ्यावर रोज शेकडो माणसं येतात, समाधीपाशी आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

राघोजी आंग्रे यांनी बांधलेल्या देवळात गणेश पंचायतन आहे. देवळाशेजारच्या पुष्करणीचं पाणी गोडं. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे हे पाणी. ओंजळीत घेऊन चव पाहिली आणि जिथे गोडं पाणी तिथेच किल्ला, हे सूत्र कळून गेलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. आंग्र्यांचं संस्थान १८४० साली खालसा झालं, त्यानंतरच्या काळाची ती खूण. दहाला दहा मिनिटं असताना निघालो. परतताना पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं.

मुरुडची वाट

अलिबागहून मुरुडपर्यंतचा रस्ता हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या विणलेल्या माळा टांगलेल्या दिसू लागल्या. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, मग समुद्रात घुसलेलं कोरलईचं भूशिर. त्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून जन्मलेली एक बोली अजून घरात बोलली जाते. तटबंदी ढासळली तरी भाषा टिकते, याचं इतकं जिवंत उदाहरण दुसरीकडे क्वचित सापडेल.

रात्री मुरुडच्या पुळणीवर बसून संकष्टीच्या चंद्राची वाट पाहिली. मैत्रिणीचा उपास होता. साडेनऊच्या पुढे डोंगरामागून चंद्र वर आला. तो डोक्यावर यायला पहाटेचे तीन वाजणार आणि तेव्हाच पाणी भरणार. पाऊणकी आणि चंद्र यांचा मेळ त्या रात्री डोळ्यांनी पाहिला.

जंजिरा

पंचमीला सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. इंजिनाचा आवाज नाही, फक्त दोरखंडाची करकर आणि पाण्याची चुळचुळ. जंजिऱ्याचा तट समोर वाढत जातो आणि दरवाजा काही केल्या दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशात तो एकदम समोर येतो. शत्रूच्या जहाजाला इतक्या जवळ येईपर्यंत तोफांनी जिवंत सोडलंच नसतं.

बावीस एकरांचा किल्ला, एकोणीस बुरुज, आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव, आणि कलालबांगडीसारखी अजस्र तोफ. दरवाजापाशी हत्तींना पंजांत धरलेल्या वाघाचं शिल्प आहे. ते पाहून या माणसांच्या मनातला दरारा कळतो. आफ्रिकेतून, हबसाणातून आलेले सिद्दी. निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा सत्ता बदलल्या, सिद्दींनी धनी बदलले, पण बेट सोडलं नाही. त्यांचं संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. मराठी वाचक म्हणून आपल्याला हा किल्ला शत्रूचा वाटत आला आहे. पण दर्यावर्दी म्हणून सिद्दींचं कसब मान्य केल्याशिवाय महाराजांना आरमारावर इतकी शक्ती का खर्च करावी लागली, ते समजत नाही.

सिद्दींच्याही आधी इथे राजपुरीच्या कोळ्यांचा मेढेकोट होता, लाकडी मेढ्यांचं कुंपण. राम पाटील त्यांचा प्रमुख. निजामशाही सरदाराने व्यापाऱ्याचं सोंग घेऊन, कोळ्यांना गाफील गाठून तो घेतला असं परंपरा सांगते. म्हणजे या सगळ्या गोष्टीची सुरुवात, मायनाकच्या आणि थळच्या काकांच्या गोष्टीसारखीच, पाण्यावर राबणाऱ्या माणसांपासून होते.

तटावरून राजपुरीकडे पाहिलं. मधलं पाणी इतकं कमी की वाटावं, पोहत जाऊ. १६८२ साली संभाजीराजांनी हेच पाणी दगडांनी भरून सेतू बांधायला घेतला होता. काम चालू असतानाच मोगलांची फौज स्वराज्यात घुसली आणि त्यांना परतावं लागलं. मग आम्ही पलीकडच्या तटावर गेलो. वायव्येला, खुल्या समुद्रात, एक काळी रेघ दिसत होती.

"तो पद्मदुर्ग," मित्राने वही मिटली. "दुपारी तिथे."

पद्मदुर्ग

पंचमीला पावणेचारला भरती. एकला मुरुडहून होडी निघाली. खाऱ्या वाऱ्याने समुद्र हलत होता, अंगावर तुषार येत होते. जंजिऱ्याला सहलींच्या झुंबडी होत्या, पद्मदुर्गावर त्या दुपारी आम्ही चौघं, तांडेल आणि त्यांचा खलाशी, एवढीच माणसं.

कासा नावाच्या या बेटावर महाराजांनी हा दुर्ग वसवला तो जंजिऱ्याच्या छातीवर ठाणं असावं म्हणून. काम चालू असताना सिद्दीचा धाक सततचा होता. त्या काळात प्रभावळीच्या सुभेदाराने पद्मदुर्गाला पैसा आणि धान्य पाठवायला कुचराई केली, तेव्हा १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी त्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात त्यांनी स्पष्ट विचारलं आहे की, रसद अडवून तू शत्रूचं काम करतोस की काय, आणि ब्राह्मण म्हणून तुझी गय होईल असं समजू नकोस. राज्याभिषेकाला वर्षही झालं नव्हतं आणि राजाचं लक्ष समुद्रातल्या एका बेटावरच्या धान्याच्या कोठारावर होतं. खांदेरीला जे चार वर्षांनी सिद्ध झालं, ते इथे आधीच लिहून ठेवलेलं सापडतं. बेट टिकतं ते रसदीवर.

याच बेटावरचा लाय पाटील कोळी. मोरोपंत पिंगळ्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली तेव्हा त्याने रात्री काळोखात होड्या नेऊन सिद्दीच्या तटाला शिड्या लावल्या. मागून यायची फौज वेळेवर पोचली नाही, उजाडू लागलं आणि शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी जहाज बांधून त्याला 'पालखी' असं नाव देवविलं, अशी हकिकत सांगतात. ती ऐकताना आमच्या होडीचे तांडेल खाली पाहून हसले आणि म्हणाले, "आमच्यात अजून सांगतात ही गोष्ट."

आणि मग तो तट. इंजिनियर मित्र त्याच्यापाशी गेला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. कमळाच्या पाकळ्यांसारख्या कडेच्या बुरुजाजवळ, समुद्राच्या बाजूला, तटाचे दगड आतून झिजून वाटीसारखे खोल गेले आहेत. पण त्या दगडांना सांधणारा चुना जागच्या जागी आहे. प्रत्येक खळग्याभोवती चुन्याची चौकट पुढे आलेली, बोटभर, कुठे चार बोटं. लांबून भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. दगड गेला, चुना राहिला.

त्याने चुन्याच्या कडेवर नख मारून पाहिलं. खवला निघाला नाही. "खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं," तो हळूहळू सांगू लागला. "उन्हाने पाणी उडतं, मीठ उरतं. मिठाचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि दगड कणाकणाने सोलत जातो. चुना तसा दगडाहून मऊ, आधी तो जायला हवा. इथे उलटं झालंय. हा चुना ज्यांनी मळला, त्यांना घाई नव्हती." कुलाब्याला चुना वापरलाच नव्हता, इथे चुन्याने दगडाला मागे टाकलं होतं. दोन बेटं, पाच-सात वर्षांचं अंतर, आणि समुद्राशी वागायच्या दोन संपूर्ण वेगळ्या रीती. त्या वेळच्या गवंड्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांची सही ही.

तटाच्या आतली स्थिती मात्र काळीज पिळवटणारी होती. पडकोट ढासळलेला, वाटा झुडपांनी झाकलेल्या, तोफा वाळूत आणि गवतात पडलेल्या. ज्या खळग्यांभोवती चुन्याची चौकट उभी होती, त्यांतल्या दोन खळग्यांत कोणीतरी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या खोचून ठेवल्या होत्या. त्या आम्ही काढल्या आणि आणखी दोन पिशव्या भरल्या. साडेतीनला तांडेलांनी हाक दिली. पाणी भरत आलं होतं, ते उतरू लागायच्या आत खाडीत शिरायचं होतं.

यादीतलं बेट आणि यादीबाहेरचं बेट

आमच्या सहलीनंतर पाच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. जलदुर्गांत सिंधुदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे आणि आमची खांदेरीही आहे. बातमी आली त्या दिवशी चौघांनी एकमेकांना फोन केले. ऊर भरून आला हे खरं.

त्याच दिवशी मैत्रीण म्हणाली, "आणि उंदेरी?" उंदेरी त्या यादीत नाही. कुलाबा नाही, पद्मदुर्ग नाही. यादीला मर्यादा असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण खांदेरीची कीर्ती वाढेल, धक्का सुधारेल, माहितीचे फलक लागतील आणि हाकेच्या अंतरावरची उंदेरी झाडांच्या मुळांनी फुटत राहील, तर आपण अर्धंच वाक्य जपलं असं होईल. खांदेरी हा प्रश्न आहे आणि उंदेरी त्याचं उत्तर. जंजिऱ्याचा दरारा पद्मदुर्गावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही आणि पद्मदुर्गाची जिद्द जंजिरा पाहिल्याशिवाय. ही बेटं जोडीने बांधली गेली, ती जोडीनेच जपायला हवीत. आणि त्यांच्याबरोबर जपायला हवी ती थळची, राजपुरीची, मुरुडची माणसं, ज्यांना तिथी, वारा आणि खडक अजून तोंडपाठ आहेत. त्यांच्या होड्या थांबल्या तर या बेटांकडे जायची वाटच राहणार नाही.

तेव्हा या हिवाळ्यात समुद्र शांत झाला की मित्रमैत्रिणींना घेऊन निघा. परवानगीची चौकशी आधी करा, स्थानिक होडी घ्या, तांडेल नको म्हणाले तर उतरू नका, नेलेली प्रत्येक बाटली परत आणा. खांदेरी पाहिलीत तर उंदेरीला वळसा घातल्याशिवाय परतू नका. जंजिऱ्याला गेलात तर पद्मदुर्गासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. आणि घरातून निघताना तिथी पाहून निघा.